घाईनं दिलेली साक्ष

तुमच्या उशाशी गोळ्यांची पट्टी असेल, आणि गेले काही दिवस बरं वाटतंय म्हणून ती आता पुरे झाली असं मनात येत असेल, तर आधी हे वाचा.

मी सालोमी. सत्तरीला टेकले आहे. भूममध्ये मुलगा, सून आणि नातीबरोबर राहते. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चाळीसेक माणसांची. तिथं मला सालूआज्जी म्हणतात. पाठीमागं आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण मीही त्यांच्या पाठीमागं काही कमी म्हणत नाही.

मला क्षय झाला होता, म्हणजे टीबी. आमच्या घरात पहिले काही दिवस कुणी हा शब्द उच्चारायचं नाही. जुन्या बाया नवऱ्याचं नाव टाळायच्या तसं आम्ही 'ते खोकल्याचं' म्हणायचो. काय खावं, कुठल्या तपासण्या कराव्या, हे तुम्हाला दवाखान्यात सांगतील. मी सांगणार आहे ते दवाखान्यात सांगत नाहीत. मी विश्वासाच्या नावाखाली एक गाढवपणा केला, आणि त्यात दुसरीच बाई मरायला टेकली.

पंचविशीतली सालोमी

ही बाई मला आज रस्त्यात दिसली तर मी दुसऱ्या गल्लीनं जाईन. बारीक काठाची पांढरी साडी, काखेत शास्त्र म्हणजे बायबल, पायात रबरी चप्पल आणि तोंड अखंड सुरू. ती गावोगाव घरसभा घ्यायची. घरसभा म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमायची, दोन गीतं, प्रार्थना, वचनावर चार शब्द आणि चहा. आता 'चार शब्द' हे बाकीच्यांचं. माझे चार शब्द दीड तास चालायचे.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. मी त्यांच्याच गाडीनं जायची. तिकिटं ते फाडायचे, उपदेश मी झोडायची. चालत्या गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही, हे मला लई सोयीचं वाटायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांना हळूच विचारलं, "कंडक्टर, ह्या बाईचं कुठवरचं तिकीट हाय?"

हे म्हणाले, "आजोबा, तुमी इट गावाला सुटताय. माझ्या ती घरापर्यंत येती."

माझा आवडता उपदेश एकच होता. बारा वर्षं आजारी असलेली ती बाई, जिनं असेल नसेल ते वैद्यांकडं घालवलं, आणि शेवटी गर्दीत घुसून प्रभूच्या वस्त्राच्या काठाला हात लावला. एवढं सांगून थांबले असते तर बरं होतं. पण मी पुढं माझ्या पदरचं घालायची, की ज्याचा विश्वास पक्का त्याला औषध लागत नाही. असं कुठंही लिहिलेलं नाही. पण मी ते इतक्या जोरात म्हणायची की लिहिलेलंच वाटायचं. तसाच दुसरा एक माझा आवडता इशारा होता, की सैतान परक्याच्या आवाजात येत नाही, तो आपल्या माणसाच्या आवाजात येतो. हा इशारा पुढं माझ्याच डोक्यावर पडला, ते सांगतेच.

माझ्या सासूबाई रक्तदाबाची गोळी मिसरीच्या डबीत लपवून घ्यायच्या, माझ्या धाकानं. सून असून सासूला धाकात ठेवलं याचा मला अभिमान होता. एकदा मी डबी उघडून गोळी त्यांच्यासमोर धरली आणि विश्वासावर व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सालू, तुझा देव एवढा मोठा म्हन्तीस. एवढ्याशा गोळीत न्हाय का मावणार त्यो?"

मला वाटलं, म्हातारी उद्धट आहे.

डबीवरचं नाव

खोकला सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, धूळ आहे. संध्याकाळी अंग तापायचं तेव्हा म्हटलं, ऊन आहे. झंपर अंगावर नाचायला लागलं तेव्हा मी शिवणाऱ्या बाईला दोष दिला. शेवटी सून सरितानं रिक्षा दारात आणून उभी केली आणि म्हणाली, "आई, बसा. रस्त्यात काय प्रार्थना करायची ती करा."

दवाखान्यात थुंकीसाठी डबी दिली. दोन दिवसांनी बोलावलं. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलापेक्षा, दानीएलपेक्षाही लहान. म्हणाले, "आज्जी, थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत. घाबरू नका, हा पूर्ण बरा होतो. सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही."

मी म्हटलं, "डबी बदलली असंल, साहेब. माझ्या म्होरं एक बिडी वढणारा बाबा हुता."

त्यांनी डबीवरचं नाव वाचून दाखवलं. भूममध्ये सालोमी नावाची दुसरी बाई शोधून सापडायची नाही.

खरं सांगते, मरणाची भीती त्या वेळी आलीच नाही. आधी मनात आलं, मंडळीत काय म्हणतील. जिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिलाच हे. सरिता डॉक्टरांशी बोलत होती आणि मी बाकावर बसून, कुणाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

बाहेरची खोली

सुरुवातीचे दिवस मला बाहेरच्या खोलीत वेगळं ठेवलं. तोंडाला फडकं, ताट वेगळं, खिडकी कायम उघडी. ताट वेगळं नसलं तरी चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सरितानं ऐकलं नाही. मला राग आला. मग आठवलं की मीही कुणाचं ऐकत नाही, आणि घरात एक तरी माझ्यासारखी हवीच.

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या बुडाला चाकं आहेत. त्या खोलीत सात पावलं जायला, सात यायला. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, मळमळायचं, लघवी नारिंगी. कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, मीच ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती बघून मी मोरीतूनच दानीएलला हाका मारल्या, आता संपलं म्हणून. तो शाळेत क्लार्क आहे, फार बोलत नाही. दाराबाहेरून म्हणाला, "आई, गोळ्यांचा रंग हाय. कागदावर लिहिलंय." आणि कामावर गेला.

नात नेहा, नऊ वर्षांची, खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायची. तिला मी गजांतून गोष्टी सांगायची. ती नसली की भिंतीवरची पाल होती. पालीला मी एकदा पूर्ण उपदेश दिला. ती शेवटपर्यंत हलली नाही. इतका चांगला श्रोता मला एसटीतही मिळाला नव्हता.

दर काही दिवसांनी आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, यायच्या आणि रिकाम्या पट्ट्या बघून जायच्या.

यशोदा मला तेव्हाच जवळची झाली. ती इटची. दुसऱ्यांच्या रानात कामाला जाते, नवरा ट्रॅक्टरवर आहे, दोन मुली शाळेत. दर रविवारी जीपनं आमच्या उपासनेला यायची, पण मागं बसायची आणि निघून जायची. माझ्यानंतर महिन्याभरानं तिलाही हेच निघालं. मी तपासणीला गेले होते तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडत होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "रडू नगं. रडून थुंकी पातळ व्हती, मग डॉक्टर परत डबी देतंय."

ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती माझं प्रत्येक वाक्य शास्त्रासारखं धरायला लागली. मला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही?

दुसऱ्या गीतानंतर

दोन महिन्यांनी थुंकी साफ निघाली. वजन चढलं, ताप गेला, भाकरीला चव आली. डॉक्टर म्हणाले, "छान. आता पुढचे चार महिने असंच." त्यांचं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं ऐकलं नाही.

आमच्याकडं रविवारी दुसरं गीत झालं की चर्चचे पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग ज्याला त्या आठवड्यात देवाची कृपा दिसली तो उभा राहून सांगतो. कुणाच्या म्हशीचा पाय बरा झालेला असतो, कुणाच्या मुलीचं जमलेलं असतं. मंडळी 'आमेन' म्हणते, खाली बसायचं. मीही एवढंच करणार होते. देवाचे आभार मानायचे, डॉक्टरांचे मानायचे, बसायचं.

पण चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. कित्येक आठवडे पालीसमोर बोलून काढलेली बाई मी. पंचविशीतली सालोमी घशात चढून बसली. मी म्हटलं, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलंय. जंतू एक राहिला न्हाय. मी मोकळी झाले."

आमेन असं झालं की पत्रे वाजले.

उपासनेनंतर चहाला बाया गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "आज्जी, मग आता गोळ्या बंद?"

इथं मला थांबता आलं असतं. 'न्हाय बाई, चार म्हैने हायेत अजून', एवढंच म्हणायचं होतं. पण पाच मिनिटांपूर्वी मी मोकळी झाले होते, आणि मोकळी बाई गोळ्या खाते हे बरं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "ज्यानं बरं केलं त्याला गोळीचा टेकू कशाला लागतोय?"

सगळ्या खूश झाल्या. यशोदा कपातल्या चहाकडं न बघता माझ्याकडं बघत होती.

शेवग्याचं बूड

दुसऱ्या दिवशी सकाळी हातात तीन तांबूस गोळ्या घेऊन मी उभी राहिले. घ्याव्यात तर कालची साक्ष खोटी. न घ्याव्यात तर साक्ष खरी, निदान मंडळीपुरती. मी परसात गेले आणि शेवग्याच्या बुडात बोटानं खड्डा करून त्या पुरल्या. आशाताईंना रिकामी पट्टी दाखवली. त्या म्हणाल्या, "शाब्बास, आज्जी." मला जरा लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कमी वाटली. आठवड्यानं वाटेनाशी झाली.

असं पाच-सहा आठवडे चाललं. मग खोकला परत आला.

मी तो लपवायला लागले. खोकल्याची उबळ आली की मोठ्यानं गीत सुरू करायची, किंवा कुकरची शिट्टी होईपर्यंत दम धरून शिट्टीत खोकायची. नेहा म्हणाली, "आज्जी, तू गाणं मधीच का सोडतीस?" मी म्हटलं, पुढचं कडवं आठवत नाही. घरभर फिरत राहायची. बसलं की वाटायचं कुणी विचारेल, निजलं की वाटायचं छातीचा आवाज ऐकू जाईल. संध्याकाळी अंग तापलं की चुलीपाशी जाऊन बसायची, म्हणजे कुणी हात लावला तर चुलीची ऊब समजेल. एवढं डोकं मी गोळ्या घ्यायला चालवलं असतं तर एव्हाना बरी झाले असते.

एका सकाळी सरिता शेवग्याला आळं करायला बसली. खुरप्याला काहीतरी लागलं. ती उठून आत आली आणि माझ्यासमोर तळहात उघडला. मातीनं भरलेल्या, फुगून विरघळलेल्या गोळ्या.

"आई, हे काय पेरलंय?"

म्हटलं, "झाडाला कीड लागली हुती."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उलट ओरडता आलं असतं. ती म्हणाली, "माझी लेक तुमच्या मांडीवर झोपती. गेला महिनाभर झोपती. तुम्हाला खोकला आहे हे मला दिसत नाही असं वाटलं का? मला वाटलं, गोळ्या चालू आहेत, थांबेल." मग तिनं नेहाला तयार केलं आणि तपासणीला घेऊन गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

नेहा ठीक निघाली. हे आधीच सांगून टाकते, कारण तो दिवस मी कसा काढला ते मला लिहायचं नाही.

माझाच आवाज

त्याच दुपारी आशाताई आल्या. पट्टी बघायला नव्हत्या आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "आज्जी, इटच्या आशाताईंचा फोन हुता. तुमच्या चर्चची यशोदा एक म्हैना झाला गोळ्या घेत न्हाय. ताप येतोय, थुंकीत रक्त पडतंय. म्हन्ती, सालूआज्जीला देवानं बरं केलं, त्यांनी गोळ्या सोडल्या, मला पन बरं करंल. तुमचं ती ऐकंल. जरा बोला की."

आशाताईंना माझं काहीच माहीत नव्हतं. त्या निरागसपणे माझ्याकडं बघत होत्या आणि मी खोकला दाबून उभी होते.

लगेच फोन लावला. म्हटलं, "यशोदा, गोळ्या सुरू कर. आजच."

पलीकडं आधी खोकल्याची उबळ. मग बारीक आवाज आला, "आज्जी, तुमी माझी परीक्षा घेताय."

"परीक्षा कशाची? खरंच सांगते."

"तुमीच शिकवलंय की. सैतान आपल्या माणसाच्या आवाजात येतोय म्हणून. मी न्हाय डगमगायची." आणि तिनं फोन ठेवला.

परत लावला. उचलला नाही. चाळीस वर्षांत माझा उपदेश इतका कुणी मनावर घेतला नव्हता, आणि आता तो परत काढायचा कसा हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसले. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "आज्जी, गोळ्या थांबवायच्या आधी मला का नाही विचारलं?"

म्हटलं, "तुमी न्हाय म्हणला असता."

जंतू परत आले होते. जुन्या गोळ्या अजून लागू पडतात की नाही ते बघायला नमुना धाराशिवला गेला. ते कळेपर्यंत मी पुन्हा बाहेरच्या खोलीत. सात पावलं जायला, सात यायला. आता पाल पण दिसेना.

दोनदा ठेवलेला हात

त्या दिवसांत मी शास्त्र वाचत बसायची. खरं म्हणजे वाचत नव्हते, पानं उलटत होते, हाताला काम म्हणून. उलटता उलटता एका गोष्टीवर थांबले. एका आंधळ्याला प्रभूकडं आणतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतंय का? तो माणूस सांगतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी दिसतात, चालणारी झाडं. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, आणि त्याला सगळं लख्ख दिसायला लागतं.

ही गोष्ट मी तरुणपणी एकदाही सांगितली नव्हती. मुद्दाम टाळायची. प्रभूला दोनदा हात ठेवावा लागला, हे मला त्याच्या मोठेपणाला कमी आणणारं वाटायचं. मी त्याची अब्रू सांभाळत होते.

आता मला त्या आंधळ्याचं नवल वाटलं. समोर प्रत्यक्ष प्रभू, आजूबाजूला माणसं वाट बघत उभी. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, दिसतंय प्रभू, अगदी छान दिसतंय. आणि जन्मभर झाडांशी बोलत बसले असते. तो बाबा म्हणाला, अर्धंच झालंय. त्यानं ते सांगितलं म्हणून हात दुसऱ्यांदा ठेवला गेला.

मी पुस्तक मिटलं आणि पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, "मला साक्ष माघारी घ्यायचीय."

ते गोंधळले. "आज्जी, साक्ष मागं घेता येते का?"

"कोर्टात घेता येत न्हाय. इथं घेऊन बघू."

लिंबाखाली

रविवारी मी आत गेले नाही. तोंडाला फडकं बांधून बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या गीतानंतर माइकची वायर दारातून ओढून माझ्यापर्यंत आणली. दारं-खिडक्या उघड्या होत्या, सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी आंधळ्याची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "मी तुमच्याम्होरं म्हणलं हुतं मी पूर्ण बरी झाले. ते खरं नव्हतं. मला अर्धंच दिसत हुतं. मी गोळ्या सोडल्या, आजार परत आलाय. गोळीचा टेकू देवाला लागत न्हाय म्हणाले, ते माझं वाक्य हुतं. देवाचं नव्हतं. कुणी माझ्यामागं गोळ्या सोडल्या असतील तर आज घरी जाऊन सुरू करा."

मग आमचे दगडूआण्णा, मंडळीतले सगळ्यात म्हातारे, आतून म्हणाले, "आज्जी, तवा आमी आमेन म्हणलो हुतो. त्याचं काय करायचं?"

म्हटलं, "ते पन घ्या माघारी."

कुणीतरी हसलं. पण जिच्यासाठी हे केलं तिची मागची जागा रिकामी होती. जीपमधून इटची बाकीची माणसं आली होती. यशोदाला उठवत नव्हतं.

दानीएलनं मोटारसायकल काढली. सरिता दारात येऊन म्हणाली, "फडकं काढू नका. अंगणातच बसा. आणि आई, तिथं उपदेश करू नका." पंधरवड्यात ती माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलली.

इटचं अंगण

यशोदा बाजेवर पडून होती. उठून बसली तेव्हा खांद्याची हाडं आधी उठली. मी चार हात लांब दगडावर बसले. लिंबाखाली जे बोलले ते सगळं परत सांगितलं, शेवग्याच्या बुडासकट.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुमी म्हणालात म्हणून मी सोडल्या. आता तुमी म्हन्ता म्हणून घिऊ. आणि उद्या परत काय दुसरं म्हणालात तर?"

आयुष्यात पहिल्यांदा वचन आठवेना, दाखला आठवेना. म्हटलं, "माझं ऐकू नगंस. मी लई बोलते. डॉक्टरचं ऐक, आशाताईचं ऐक."

"मग आलात कशाला?"

"तुझ्याम्होरं सांगायला की मला अर्धंच दिसतंय."

तिची धाकटी मुलगी घराच्या दारात वही घेऊन उभी होती, लिहायचं सोडून आमच्याकडं बघत. यशोदानं तिला आत जायला खुणावलं आणि मग मला विचारलं, "आत्ता मी कशी दिसते तुमाला? मानूस का झाड?"

म्हटलं, "वाळलेलं झाड."

तिला हसू आलं, आणि हसण्यातून खोकला, आणि खोकल्यात तोंडाला लावलेल्या पदरावर लाल ठिपका. तिनं तो ठिपका बघितला, मीही बघितला. दानीएल मोटारसायकलपाशी पाठ करून उभा राहिला.

"उद्या चला माझ्यासंगं," ती म्हणाली. "नुसतं फोन करून न्हाय. लायनीत माझ्याम्होरं उभं रहा. सगळ्यांना दिसू द्या तुमी कशाच्या लायनीत हाय ते."

मी उभी राहिले. भूमच्या दवाखान्यात, बाजाराच्या दिवशी, अर्धा तालुका बघत असताना. यशोदा मागं होती. मी वळून काही सांगायला लागले की ती म्हणायची, "म्होरं बघा, आज्जी."

सकाळी सात

आम्हा दोघींचे नमुने धाराशिवहून आले. गोळ्या अजून लागू पडत होत्या. आमचं नशीब बाकी काही नसलं तरी जाड कातडीचं आहे. दोघींनाही पहिल्या दिवसापासून परत सुरू करावं लागलं. तिचं माझ्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं, कारण मध्ये रक्त थांबेपर्यंत तिला दवाखान्यात ठेवलं होतं.

रोज सकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मी गोळ्या जिभेवर ठेवून दाखवायची, पाणी प्यायची, मग तोंड उघडायची. "जीभ वर करा," ती म्हणायची. मी वर करायची. मग तिची पाळी. तिचा माझ्यावर अजूनही पूर्ण विश्वास नाही, आणि ते बरं आहे. सरिता एकदा मागून जाता जाता म्हणाली, "आई, दाढेखाली काय आहे ते पण दाखवा तिला." दोघी मिळून हसल्या. माझ्यावर हसल्या, पण मिळून.

सात ते साडेसात हा माझ्या दिवसातला एकच तुकडा आहे जेव्हा मी बसून राहू शकते. बाकी वेळ अजून तसाच जातो. नेहा शाळेतून येईपर्यंत दारात फेऱ्या, डॉक्टरांची तारीख जवळ आली की रात्रीपासून पिशवी भरून ठेवणं, दर खोकल्याला मोजणं की हा धुळीचा का त्याचा. हे जात नाही. जाईल असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर विचारा, त्यानं किती गोळ्या खाल्ल्या.

माझा गोळ्यांचा कोर्स गेल्या महिन्यात संपला. थुंकी साफ आहे, छातीचा फोटो साफ आहे, आणि या वेळी मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. यशोदाच्या गोळ्या अजून काही दिवस आहेत. ती गोळ्या घेते आणि मी पलीकडं नुसतं पाणी पिते, आणि ती म्हणते, "जीभ वर करा." सवयीनं मी करते.

ती आता रविवारी येते. मागं बसत नाही, माझ्या शेजारी बसते. दुसरं गीत संपलं की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" आणि मंडळीच्या माना माझ्याकडं वळतात. माझे पाय शिवशिवतात, घशात शब्द येऊन उभे राहतात. मी यशोदाकडं बघते.

ती समोर बघत हळूच मान हलवते. अजून न्हाय.